इथं मुलाणी कुठून आणायचा?

मिनिसोटा हे अमेरिकेत सर्वांत जास्त टर्की पाळणारं राज्य. तरी इथल्या बहुतेक मराठी घरांत टर्कीबद्दलचं मत एकच: कोरडी, बेचव, आणि दुसऱ्या दिवशी कोणी हात लावत नाही. आमचंही तेच होतं. थँक्सगिव्हिंगला आम्ही चिकन बिर्याणी करून मोकळे व्हायचो.

मग आम्ही गावाबाहेर दोन एकर जागेचं घर घेतलं, आणि शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याने डोक्यात किडा सोडला. "नुसतं गवत काय कापतोस? टर्की पाळ." २०२३ च्या उन्हाळ्यात मी १२ पिल्लं मागवली. सौ. म्हणाली, "मास्टर्स करून शेवटी कोंबड्याच!" मी म्हटलं, "टर्की आहेत."

त्याच मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आली. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. ती दिवसभर खिडकीशी बसायची. "रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही रे," एवढंच म्हणायची.

जूनमध्ये एका सकाळी सहाला पोस्टातून फोन आला, "तुमचं खोकं ओरडतंय, घेऊन जा." हो, इथं पिल्लं टपालाने येतात! अंड्यातून निघताना पोटात राहिलेल्या बलकावर ती दोन-तीन दिवस काढू शकतात. इंजिनिअरच्या शिस्तीने मी सगळं जमवलं होतं. पहिल्या आठवड्याला ९५ अंश फॅरनहाइटचा दिवा, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. खाद्यात २८ टक्के प्रथिनं. कोपऱ्यात गर्दी करून एकमेकांखाली गुदमरू नयेत म्हणून पुठ्ठ्याचं गोल कुंपण. एवढं करूनही पहिल्या आठवड्यात दोन गेली. टर्कीच्या पिल्लाला पाणी प्यायचंही कळत नाही, चोच बुडवून शिकवावं लागतं. माझे हात दणकट. आईने पदर खोचला, एकेक पिल्लू ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांना पाणी शिकवलं. मुलाच्या रंगीत गोट्या पाण्याच्या ताटलीत टाकल्या, चमक बघून ती चोच मारू लागली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी तिने खुराडं सांभाळलं होतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

ऑगस्टपर्यंत दहाही पक्षी कुत्र्याएवढे झाले. नर चिडला की डोकं निळं, मान लालभडक. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून असा एक पक्षी जहांगीरासाठी नेला, तेव्हा बादशहाही हे रंग बघून चकित झाला होता. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज लोक टर्कीला 'पेरू' म्हणतात, हे सांगितल्यावर आई खूप दिवसांनी खळखळून हसली. सगळ्यांत मोठ्या नराला तिने गुंड्या नाव दिलं. तो तिच्या मागे मागे अंगणभर फिरायचा.

ऑक्टोबर आला. ही पांढरी रुंद छातीची जात मांसासाठीच तयार केलेली. छाती इतकी जड की त्यांना नैसर्गिक प्रजननही जमत नाही, आणि वजन वाढलं की पाय जातात. गुंड्या लंगडायला लागला. सौ. म्हणाली, "याला तेवढा ठेवू या." मी आईकडे बघितलं. "पाय गेलाय त्याचा," आई म्हणाली. "थंडीत बसल्या जागी मरेल."

शनिवार तिला चालणार नव्हता, म्हणून रविवार ठरला. आदल्या रात्री ती म्हणाली, "गावाला आपण कधी कापलं नाही. मुलाणी यायचा. इथं मुलाणी कुठून आणायचा?" आयुष्यभर मटण-कोंबडी खाल्ली, पण सुरी नेहमी दुसऱ्याच्या हातात होती. हे चाळिशीत पहिल्यांदा लक्षात आलं.

शेजारी पत्र्याचा शंकू घेऊन आला, त्यात पक्षी उलटा धरतात. पहिल्या पक्ष्याला माझा हात कापला आणि घाव उथळ बसला. ते काही सेकंद मला अजून आठवतात. आई बाजूला उभी होती. "धार लाव," म्हणाली. "आणि परत हात हलवू नकोस, त्याला त्रास होतो." पुढे हात हलला नाही. गुंड्याला शेवटी ठेवलं होतं. त्याला तिने स्वतः उचलायला मदत केली, पाणी पाजलं, आणि घरात निघून गेली.

हिशेब सांगतो, कारण सगळे विचारतात: पौंडाला चार डॉलरच्या वर पडली. दुकानात सणाच्या आठवड्यात डॉलरच्या आत मिळते. काही मंडळींनी विकत मागितली. पण घरच्या ताटासाठी आणि पाहुण्यांसाठी कापायला सरकारी तपासणी लागत नाही, विकायचे नियम वेगळे. तेव्हा जेवायलाच या म्हटलं. तंगड्यांचा आईच्या कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला. मंडळी कोरडी-बेचव विसरली.

मुलाने विचारलं, "गुंड्या कुठल्या पिशवीत आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. खोटं होतं. ३१ पौंडांची एकच पिशवी होती आणि ती फ्रीझरच्या तळाशी ठेवली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई परत गेली. थँक्सगिव्हिंगला आम्ही दुसरी पिशवी काढली. नाताळातही दुसरीच. जानेवारीत फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "त्याला उगाच तळाशी ठेवू नकोस रे. वाया जाईल."

त्या रविवारी आठ जणांना जेवायला बोलावलं.