मोजपट्टीबाहेरची भाषा

ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजेच भाषा येणे, ही समजूत शाळेने आपल्या मनात इतकी दृढमूल केली आहे की, स्वमग्न मुलाच्या भाषेची पारख करतानाही आपण तीच कसोटी निःशंकपणे पुढे करतो. उच्चारलेल्या शब्दाचे चित्र चार चित्रांतून दाखवायला सांगणारी पीबॉडी चाचणी १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि शब्दज्ञानापुरती तिची उपयुक्तता मला मान्य आहे. परंतु सोळा वर्षांचा मुलगा घडलेला प्रसंग परक्याला कसा सांगतो, किंवा ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं’ यातली थट्टा त्याला उमगते की नाही, याचा पत्ता तिच्या गुणांवरून लागत नाही.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा स्वमग्न मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांपैकी आठ बोलत होती, आणि ऐकलेला प्रश्नच पुन्हा उच्चारून होकार देण्याची रीत त्यांनी त्या मुलांत टिपली होती. तरीही अशी पुनरुक्ती पुढे दीर्घकाळ निरर्थक गणली गेली, आणि अखेर १९८१ साली बॅरी प्रिझंट व ज्युडिथ डुकन या संशोधकांनी तीत सात निरनिराळी प्रयोजने दाखवून दिली. माझ्या परिचयातील एक किशोर, खोलीत माणसे वाढू लागली की, लोकलमधल्या निवेदिकेच्या स्वरात ‘पुढील स्टेशन दादर’ म्हणतो. गर्दी होणार, आता मला बाहेर न्या, हा त्याचा अर्थ त्याच्या आईला तत्क्षणी कळतो, मात्र कोणत्याही उत्तरपत्रिकेत त्याला रकाना नाही.

म्हणून तपासनिसाने घरच्यांची साक्ष नोंदवावी, शब्दहीन चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगवून घ्यावी, उत्तरासाठी पुरेसा अवकाश द्यावा, आणि जो बोलत नाही त्याच्या हाती चित्रफलक किंवा टंकफलक ठेवावा. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने स्वमग्नतेला मान्यता दिली, तेव्हा दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावरची टक्केवारी यांची गरज मी नाकारीत नाही. पण महाविद्यालय, उद्योग, स्वतंत्र संसार यांचे निर्णय ज्या वयात उंबरठ्यावर उभे असतात, त्या वयाच्या अहवालात हा मुलगा कोणापाशी, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी बोलतो, याचा तपशील असलाच पाहिजे, कारण त्याला कोणते साहाय्य द्यावयाचे, हे त्या तपशिलावरूनच ठरते.