पार्टिशन जागेवरच होते : मंद्रूपमधील एका संगणकाच्या दुरुस्तीचा अनुभव

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स पडद्यावर येईपर्यंत जे काही सेकंद जातात, त्या अवधीत नियंत्रण एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे ठरलेल्या क्रमाने सोपवले जाते आणि ही साखळी कोठेही तुटली, तर पुढचे सारे जागच्या जागी शाबूत असूनही संगणक बंद पडल्यासारखा दिसतो. मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेले फर्मवेअर, ज्याला जुन्या संगणकांत बायोस म्हणतात, सर्वप्रथम चालू होते आणि जुजबी तपासणी आटोपून डिस्कवरील अगदी पहिले ५१२ बाइट वाचते. या भागाला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. डिस्कचे भाग पाडणारी ही रचना १९८३ मधील पीसी-डॉस २.० पासून रूढ झाली असून तिच्यात सूचनांसाठी ४४६ बाइट, डिस्कवरील चार मुख्य पार्टिशनांच्या नोंदींसाठी ६४ बाइट आणि अखेरीस ओळखखुणेचे २ बाइट अशी वाटणी असते. पार्टिशन म्हणजे डिस्कचा स्वतंत्रपणे वापरता येणारा भाग. विंडोजमध्ये तो सी, डी, ई अशा अक्षरांनी दिसतो.

एवढ्याशा ४४६ बाइटांत दोन कार्यप्रणालींपैकी एक निवडण्याची सोय सहसा मावत नाही, आणि म्हणून बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा शोधून तो स्मृतीत चढवणारा प्रोग्रॅम, टप्प्याटप्प्याने चढतो. लिनक्सच्या जगात हे काम बहुतांश ठिकाणी ग्रब करतो. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्नू हर्ड या कार्यप्रणालीसाठी तो लिहिण्यास सुरुवात केली. आज प्रचारात असलेली त्याची दुसरी पिढी मात्र पुढे नव्याने लिहिली गेली आणि तिची २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये आली. ग्रबचा पहिला तुकडा मास्टर बूट रेकॉर्डमध्ये बसतो, दुसरा तुकडा त्यानंतरच्या आणि पहिल्या पार्टिशनाच्या आधीच्या मोकळ्या जागेत राहतो, तर मेनू, मॉड्यूल व इतर सामग्री लिनक्सच्या पार्टिशनातील एका फोल्डरात असते. हे फोल्डर कोठे आहे याचा पत्ता दुसऱ्या तुकड्यातच नोंदवलेला असतो, आणि त्या पत्त्यात पार्टिशनाचा क्रमांक असतो, ही बाब पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप हे सोलापूर-विजयपूर महामार्गावरील गाव. येथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कानावर पडतात आणि संगणक बिघडला की तो गाडीवर बांधून सोलापुरात नेण्याचा पर्याय बहुतेकांना प्रथम सुचतो. प्रस्तुत लेखकाच्या येथील घरात असलेल्या जुन्या डेस्कटॉप संगणकावर विंडोज आणि उबुंटू ही लिनक्सची वितरणप्रणाली शेजारी शेजारी बसवलेली होती, कारण श्रीलिपीत केलेले जुने मराठी मजकूर आणि टॅलीतील हिशेब यांसाठी विंडोज सोडता येत नव्हते, तर घरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला अभ्यासासाठी लिनक्स हवे होते. विंडोजच्या डी ड्राइव्हमध्ये सातबाराचे उतारे, पीकविम्याची कागदपत्रे आणि द्राक्षबागेच्या फवारणीच्या काही वर्षांच्या नोंदी होत्या. पहिल्या दोन क्रमांकांची मुख्य पार्टिशने विंडोजकडे होती. उरलेल्या जागेत एक विस्तारित पार्टिशन करून त्याच्या पोटात डी, ई आणि लिनक्स अशी तीन उपपार्टिशने अनुक्रमे पाच, सहा व सात या क्रमांकांनी ठेवलेली होती, कारण या पद्धतीत उपपार्टिशनांची मोजणी नेहमी पाचपासून सुरू होते.

रिकामा पडलेला ई ड्राइव्ह विंडोजमधून काढून त्याची जागा डी ड्राइव्हला जोडण्यात आली, आणि त्यानंतर संगणक पुन्हा सुरू केला असता काळ्या पडद्यावर ‘एरर : नो सच पार्टिशन’, ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द उमटले. विंडोजही उघडेना आणि लिनक्सही उघडेना. अशा प्रसंगी गावोगावी जो सल्ला मिळतो तोच येथेही मिळाला, तो म्हणजे ‘फॉरमॅट मारून घ्या’. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्याला बोलीत हाच शब्द आहे. हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, कारण ग्राहकाला तासाभरात चालू संगणक हवा असतो आणि तो मिळतोही. परंतु ज्या बिघाडात एक अक्षरही पुसले गेलेले नसते, त्यावर सगळेच पुसण्याचा उपाय करणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते दुरुस्ती या नावास पात्र नाही, आणि नोंदी गमावणाऱ्या कुटुंबाला ती हानी कोणत्याही बिलात दिसत नाही.

पडद्यावरील संदेश नीट वाचला, तर त्यात कारण सांगितलेलेच होते. एकत्रीकरण योजनेत जमिनींना नवे गट क्रमांक मिळाले तेव्हा जमीन जागची हलली नाही, पण जुना सर्व्हे क्रमांक घेऊन शोधणाऱ्याला ती सापडेनाशी झाली. तसाच प्रकार येथे घडला होता. सहा क्रमांकाचे उपपार्टिशन नाहीसे होताच सातव्याला आपोआप सहावा क्रमांक लागला, आणि ग्रबचा दुसरा तुकडा मात्र आपले फोल्डर सातव्या पार्टिशनात शोधत राहिला. लिनक्सच्या पाठीमागे आठवे पार्टिशनही असते, तर तेच आता सातवे झाले असते आणि संदेशही बहुधा ‘अननोन फाइलसिस्टिम’ असा वेगळा आला असता. विंडोज उघडत नव्हते याचे कारण इतकेच की त्याच्याकडे जाणारी वाटही ग्रबच्या मेनूतून जात होती.

रेस्क्यू अवस्थेत ग्रबला मोजक्याच आज्ञा कळतात. ‘सेट’ ही आज्ञा दिली असता त्याच्याजवळचा जुना पत्ता पडद्यावर येतो, आणि या संगणकावर त्यात सात हा आकडा दिसताच शंकेला जागा उरली नाही. ‘एलएस’ ही आज्ञा डिस्कवर प्रत्यक्षात असलेल्या पार्टिशनांची यादी देते. त्या यादीत एक, दोन, पाच व सहा एवढेच क्रमांक होते. हीच आज्ञा एकेका पार्टिशनाचे नाव जोडून दिली की त्यातील फोल्डरे दिसतात, आणि येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे : विंडोजच्या पार्टिशनांपुढे या वेळी ‘अननोन फाइलसिस्टिम’ असे उत्तर येते, ते पाहून डेटा गेला असे समजून अनेक जण हात टेकतात, परंतु ग्रबच्या त्या छोट्या तुकड्यात बहुधा फक्त लिनक्सची फाइलप्रणाली वाचण्याची क्षमता भरलेली असल्यामुळे विंडोजची एनटीएफएस ही रचना त्याला ओळखता येत नाही, इतकाच त्या उत्तराचा अर्थ असतो. सहाव्या पार्टिशनात लिनक्सची फोल्डरे दिसली. मग ‘प्रीफिक्स’ आणि ‘रूट’ या दोन चलांत साताऐवजी सहा लिहून, ‘इनस्मॉड नॉर्मल’ या आज्ञेने मुख्य मॉड्यूल चढवून आणि ‘नॉर्मल’ असे टंकून मेनू परत आला व लिनक्स सुरू झाले. लिनक्सला स्वतःला क्रमांकाच्या बदलाचा त्रास झाला नाही, कारण ते आपली पार्टिशने यूयूआयडी या कायम ओळखचिन्हावरून शोधते. हे चिन्ह फाइलप्रणाली तयार होताना तिला दिले जाते आणि क्रमांक बदलला तरी तेच राहते.

ही दुरुस्ती स्मृतीपुरतीच असते, संगणक बंद करताच नाहीशी होते. म्हणून लिनक्समध्ये शिरल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा डिस्कचे नाव देऊन चालवावी लागते, ज्यामुळे नवा पत्ता दुसऱ्या तुकड्यात कायमचा लिहिला जातो. येथे पार्टिशनाचे नव्हे, तर संपूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ चालवून मेनू नव्याने बांधला असता त्यातून विंडोज गायब झाल्याचे दिसले. हाही बिघाड नव्हे. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर कार्यप्रणाली हुडकणारा ओएस-प्रोबर हा साहाय्यक प्रोग्रॅम सुरक्षेच्या कारणास्तव मूळ मांडणीतच बंद ठेवलेला असतो, आणि ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत एक ओळ घालून तो चालू करावा लागतो. ती ओळ घालून ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा चालवल्यावर विंडोज मेनूत परतले, आणि डी ड्राइव्हमधील प्रत्येक नोंद जशीच्या तशी मिळाली.

रेस्क्यू अवस्थेत लिनक्सचे फोल्डर सापडलेच नाही, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून तेथून ग्रब पुन्हा बसवता येतो आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आधी सगळी कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात. पेनड्राइव्ह मात्र मूळ मांडणी ज्या पद्धतीची असेल त्याच पद्धतीने, म्हणजे जुन्या बायोसच्या किंवा नव्या यूईएफआयच्या पद्धतीने सुरू झालेला असावा लागतो.

यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये बूटलोडर एका स्वतंत्र छोट्या पार्टिशनात साधी फाइल म्हणून राहतो, आणि सिक्युअर बूट ही सोय चालू असल्यास त्या फाइलीवरील डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनाने जुने असुरक्षित बूटलोडर नाकारण्याचा नियम लागू केला, तेव्हा जगभरातील अनेक दुहेरी मांडणीच्या संगणकांवर लिनक्स सुरू होण्याऐवजी एसबॅट तपासणी फसल्याचा संदेश येऊ लागला. एसबॅट म्हणजे बूटलोडरच्या पिढीची नोंद. तेथेही डेटा सुखरूपच होता. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरणे, ‘मोकयूटिल’ या साधनाने तो नियम पुसणे आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे हा त्यावरील उपाय ठरला.

बूटलोडरचा भासणारा, पण त्याचा नसलेला एक दोष ग्रामीण भागात विशेष आढळतो. विजांच्या दिवसांत घरोघरी संगणकाची पिन काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे, परंतु त्या काळात बायोसचे घड्याळ व मांडणी मदरबोर्डवरील तीन व्होल्टच्या नाणेवजा सेलवरच टिकून राहतात. सेल उतरला की तारीख अनेक वर्षे मागे जाते, बूटचा क्रम बदलतो, आणि काही संगणकांत डिस्कशी बोलण्याची पद्धतही बदलल्यामुळे विंडोज निळ्या पडद्यावर अडते, तर लिनक्स बहुधा बिनतक्रार सुरू होते. चुकीची तारीख दिसली, तर प्रथम सेल बदलावा.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक अजून चांगले चालणारे आहेत. त्यांवर लिनक्स बसवण्याचा विचार यापुढे अधिक घरांत होईल. अशा प्रत्येक घराने पार्टिशनांची यादी आणि त्यांची ओळखचिन्हे एका कागदावर लिहून संगणकाजवळ ठेवावी, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी डिस्क पुसण्यापूर्वी पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घेऊन तो शब्दशः वाचावा, ही कळकळीची विनंती.