पुन्हा असं करणार नाही

बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तुरुंगात टाकून कुणाचंच भलं होत नाही, असं मी कित्येक वर्षं म्हणत आले. पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर बसून म्हणत होते, आठ मार्चच्या भाषणांतही म्हणत होते. आज मी तसं म्हणत नाही. एकदा ताकीद मिळूनही पुन्हा हात उचलणाऱ्याला कैद झालीच पाहिजे, अशा मताला मी आले आहे. हे मत मला फारसं आवडतं असंही नाही.

जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. ठाण्यात येणारी बाई ‘त्याला आत टाका’ असं सहसा म्हणायची नाही. साहेबांनी जरा दम द्यावा, एवढंच तिचं मागणं असायचं. तो आत गेला तर हजेरी बुडणार, मुकादम दुसरा माणूस घेणार, बचत गटाचा हप्ता थकणार आणि सुटून आल्यावर सगळा राग तिच्यावरच निघणार. हा हिशेब ती आमच्यापेक्षा चोख मांडायची. मला त्याला पुस्तकी आधारही सापडला होता. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात १९८१-८२ मध्ये पोलिसांनी एक प्रयोग केला. मारणाऱ्याला अटक केली की पुन्हा मारहाण होण्याचं प्रमाण घटतं, असं त्यात दिसलं. पुढे तसाच प्रयोग मिलवॉकीत झाला, तेव्हा निघालं की नोकरीधंदा असलेले अटकेनं वचकतात, बेकार मात्र जास्तच चवताळतात. आमच्यापुढे येणारे पुरुष बहुतेक रोजंदारीवरचे किंवा रिकामे. मला हवं ते मिळालं होतं!

म्हणून आम्ही हमीपत्रं लिहून घ्यायचो. ‘यापुढे पत्नीस शारीरिक वा मानसिक त्रास देणार नाही. पुन्हा असं करणार नाही.’ खाली सही किंवा अंगठा, दोन पंच, मग चहा. भांड्याला भांडं लागायचंच, असं कुणीतरी म्हणायचं आणि जोडपं एकाच रिक्षानं घरी जायचं. ते पाहून मला बरं वाटे.

मत बदललं ते कुठल्या भयंकर प्रसंगानं नव्हे, कागदांनी. एका बाईच्या पोटगीच्या अर्जासाठी वकिलीणबाईंना जुनी कागदपत्रं हवी होती. तिची प्लास्टिकची पिशवी आम्ही टेबलावर रिकामी केली. सरकारी दवाखान्याचे केसपेपर, एनसीच्या प्रती आणि आमच्याच समितीची हमीपत्रं. सगळ्या एनसींत मजकूर जवळजवळ एकच: ‘किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण’, आणि शेवटी, ‘फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.’ साधी मारहाण अदखलपात्र, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला हात लावत नाहीत. गुन्हा त्या प्रतीवर नोंदला जायचा आणि तिथंच राहायचा. हमीपत्रंही एकाहून जास्त होती, पण कुठल्याच हमीपत्रात आधीच्या हमीपत्राचा उल्लेख नव्हता. सरकारदरबारी तो माणूस दर वेळी पहिल्यांदाच चुकत होता. त्यातल्या काही कागदांवर पंच म्हणून माझी सही होती.

त्याच दिवशी वकिलीणबाईंनी मला कायद्याची तीन कलमं दाखवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, जास्तीत जास्त पाच. बाईचा पाठलाग करण्याचं कलम ७८: पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत. आणि पत्नीच्या छळाचं कलम ८५, म्हणजे १९८३ साली आलेलं जुनं ४९८अ: तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. किमान शिक्षा नाही, दुसऱ्या वेळेची वेगळी शिक्षा नाही. मोबाइल चोरणाऱ्याची दुसरी खेप कायदा मोजतो, परक्या बाईच्या मागे फिरणाऱ्याचीही मोजतो. ज्या गुन्ह्याचा स्वभावच पुन्हा पुन्हा घडण्याचा, तिथं मात्र त्याला मोजावंसं वाटलेलं नाही.

मोठ्या शिक्षेवर माझा आजही भरवसा नाही. कलम ८५चा खटला वर्षानुवर्षं चालतो, तोवर शेजारी फितूर होतात, बाई थकते आणि तडजोड होते. गुन्हा कायद्यानं तडजोडीचा नसला तरी समेट झाल्यावर उच्च न्यायालय तो रद्द करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली बी. एस. जोशी प्रकरणात ठरवून दिलं आहे. मला हवी आहे ती लहान, पण न चुकणारी कैद, आणि तिची सोय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहेच. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. एकट्या पीडितेच्या साक्षीवरही न्यायालय निष्कर्षाला येऊ शकतं. पहिल्या वेळी आदेश, तो मोडला की काही दिवसांची कैद, पुन्हा मोडला की काही महिन्यांची. नुसता दंड नको, तो शेवटी तिच्याच डब्यातल्या पैशातून भरला जातो.

मिलवॉकीचं काय, असं मीच मला विचारलं. तो प्रयोग घटनेच्या वेळच्या अटकेचा होता. गुन्हा शाबित झाल्यावरच्या शिक्षेचा नव्हता. मी तो ताणून वापरत होते. खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनाही एवढंच सांगते की, अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं ऊठसूट अटक करू नका असं बजावलं, ते मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. शिक्षेचा प्रश्न पुराव्यानंतरचा आहे.

हजेरीचा मुद्दा उरतोच. तो आत गेला तर घरात पैसा येणार नाही, हे खरंच आहे आणि याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. त्याच कायद्यात आर्थिक मदतीचा आदेश आहे, पण ज्याच्या खिशात काही नाही त्याच्याकडून वसूल काय करणार? मात्र हात सुजल्यावर तिचीही हजेरी बुडत होती, आणि ती आम्ही कधीच धरली नव्हती.

समितीवर आज बसणाऱ्या बायकांना माझी एक विनंती आहे. तोच माणूस पुन्हा समोर आला, तर नवं हमीपत्र लिहून घेऊ नका. जुनं शोधा, एनसीच्या प्रती आणि केसपेपर त्याला जोडा, आणि बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन जा. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे त्याच आठवड्यात गेला पाहिजे.