गुडघे

आपल्याला गुडघे आहेत, ही गोष्ट मला वयाच्या ५८ व्या वर्षी कळली. तोवरही ते होतेच. पण पाटावरून उठताना त्यांनी कधी आवाज काढला नव्हता. त्या दिवशी 'कट्ट' झाले आणि सारे घर वैद्यकी करू लागले. कोणी निर्गुडीचा शेक सुचवला, कोणी महानारायण तेल. शेजारच्या तात्यांनी तर निदानच केले : "वंगण संपलं! आता जपून वापरा."

या वंगणाच्या उपमेशी माझे जुने वैर आहे. तिच्यापायी माझी थोरली बहीण चार वर्षे जिना उतरली नाही. रोज पहाटे पर्वती चढणारी अक्का गुडघे झिजू नयेत म्हणून खुर्चीत बसली, ती बसूनच राहिली. झीज थांबली नाहीच. मांड्या तेवढ्या काटकुळ्या झाल्या, वजन वाढले, आणि उठताना माणूस लागू लागले.

यंत्र वापरले की झिजते, हे खरे. पण गुडघा थोडाच यंत्र आहे? हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. पाऊल टेकले की ती स्पंजासारखी दबते, उचलले की सुटते. या दबण्या-सुटण्यातच सांध्यातला रस तिच्यात झिरपतो. तेच तिचे जेवण! शिवाय अंगावरचे एक किलो उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो, असा हिशेब अमेरिकन संशोधकांनी २००५ साली मांडला. वजनकाट्याबद्दल मला प्रथमच आदर वाटला.

अक्काला व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. "एवढ्यासाठी पैसे घेतेस?" अक्काने विचारलेच. पहिल्या आठवड्यात ती चिडली, दुसऱ्यात रडली. थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशीही दुखले वा सुजले तर कमी करायचे, एवढाच नियम. (सांधा लाल, गरम झाला किंवा सकाळी तासभर आखडून राहू लागला, तर गोष्ट निराळी, तिथे डॉक्टरच हवा. आणि 'जडीबुटी'च्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड निघते, हेही कानावर असू द्यावे.)

झिजलेली कूर्चा काही भरून आली नाही. पण तिसऱ्या महिन्यात अक्का खुर्चीचा हात न धरता उठली. गेल्या भाऊबीजेला आम्ही पाट मांडला नाही. मी खुर्चीवर, ती तबक घेऊन उभी. ओवाळून झाले तरी ती बसेना.

"दमलीस ना? बस," मी म्हणालो.

"आधी ओवाळणी टाक," अक्का म्हणाली.