वाटाड्याचे नाव

गिर्यारोहक आणि वाटाड्या हे दोन मराठी शब्द एकच कडा चढणाऱ्या दोन माणसांसाठी आहेत. पहिला रविवारी चढतो, दुसरा रोज. पहिल्याच्या पायात बूट, कमरेला दोराचे पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण. दुसऱ्याच्या पायात रबरी चप्पल, आणि कातळ लागला की तीही काढून हातात घेतलेली. ओली खोबण कोणती, कुठला दगड हलतो, आग्या मोहोळ कुठल्या कपारीला आहे, हे पहिला दुसऱ्याला विचारतो. मोहिमेच्या वृत्तान्तात मात्र पहिल्यांची नावे आडनावांसकट येतात आणि दुसऱ्याविषयी ‘गावातला एक जण सोबत घेतला’ एवढेच येते.

दुरून डोंगर साजरे, ही म्हण या ठिकाणी अडचणीची ठरते. ती सावधगिरीची म्हण म्हणून शाळेत शिकवली जाते: लांबून छान दिसते ते जवळ गेल्यावर खडबडीत निघते. पण म्हणीत एक माणूस उभा आहे आणि तो सपाटीवर उभा आहे. डोंगर त्याच्यापासून दूर आहे, म्हणूनच साजरा आहे. ज्याचे घर डोंगराच्या कुशीत आहे त्याला ही म्हण सुचण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी डोंगर म्हणजे सरपण, डिंक, मध, गुरांची वाट आणि पावसाळ्यातली दरड. वऱ्हाडात ‘साजरं’ म्हणजे नुसते चांगले. तिथे माणूसही साजरा असतो, भाजीही. तो अर्थ घेतला तर म्हण जरा मवाळ होते, पण उभे राहण्याची जागा बदलत नाही. मराठीत डोंगराबद्दल जे बोलले गेले, त्यातले बरेचसे सपाटीवरून बोलले गेले असावे.

डोंगराच्या कुशीतून पाहायचे तर मराठवाड्यातल्या कन्नड गावाकडे यावे. कन्नडच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग खानदेशात उतरते. अंतूरचा किल्ला, पितळखोऱ्याची लेणी आणि गौताळ्याचे जंगल याच रांगेत आहेत. या डोंगरांत भिल्लांची वस्ती जुनी. 1825 मध्ये कंपनी सरकारने खानदेशातल्या भिल्लांना काबूत आणण्यासाठी तीन एजन्सी नेमल्या. त्यांतल्या दक्षिणेकडच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला होते. त्याच वर्षी कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभी केली. डोंगर ज्यांना पाठ होता, त्यांनाच गणवेश चढवून डोंगरावर पहारा ठेवायचा, ही युक्ती कंपनीचीच म्हणता येत नाही. शिवकाळातही गडाच्या घेऱ्यात रामोशी, कोळी, महार, मांग, बेरड नेमलेले असत. गडाची राखण त्यांची आणि गडाचे नाव किल्लेदाराचे.

आउट्रमचे नाव कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला मिळाले आणि घाटावरून 1986 मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याला: गौताळा औट्रमघाट. सुमारे 260 चौरस किलोमीटरचे हे जंगल. ज्यांचे आजोबा तिथे विनापरवाना हिंडत, त्यांना आता वनखात्याचे नियम आहेत, आणि पर्यटकाला तिकीट आहे.

डोंगरावरच्या नावांचा प्रश्न दुसरीकडेही निघाला. अमेरिकेत 2020 नंतर चढाईच्या मार्गांची नावे बदलण्याची चळवळ उठली. पहिल्यांदा चढेल त्याने मार्गाला नाव द्यावे, असा तिथला रिवाज. चढणारे बहुतेक गोरे, त्यामुळे काही नावे गुलामगिरीची थट्टा करणारी होती. वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरवर त्याआधीच, 1995 पासून, जून महिन्यात चढू नये अशी विनंती केली जाते, कारण तो सुळका मूळ रहिवाशांना पवित्र आहे. ती विनंतीच आहे, बंदी नव्हे. तिथला प्रश्न वंशाचा, इथला जातीचा. इथल्या मोहिमेत जात कुणी विचारत नाही. पहाटे गाडीजवळ रिंगण करून प्रत्येकाला पूर्ण नाव सांगायला लावतात, तेवढ्याने काम होते. वाटाड्या त्या रिंगणात नसतो. तो तोवर पुढे निघालेला असतो.

नाव नोंदवणे ही गोष्ट मुळीच अशक्य नाही. पितळखोऱ्यात सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर तो घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कान्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपले नाव दगडावर ठेवले आणि ते कुणी खरवडले नाही. पैठणच्या दात्यांची नावेही त्या लेण्यात आहेत. पण लेणे खोदण्याआधी कडा कुठून उतरायचा, हे ज्याने दाखवले असेल त्याचे नाव तिथेही नाही.

यावर उपाय म्हणून मुलांना शिखरावर नेण्याचे प्रयोग झाले. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. त्याआधी, 2016 मध्ये, औरंगाबादचे पोलीस शिपाई रफीक शेख तिथे पोचले होते. 2014 चा त्यांचा प्रयत्न एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपाताने थांबवला. त्यात 16 नेपाळी वाटाडे आणि भारवाहक मेले होते. 1922 च्या ब्रिटिश मोहिमेतही हिमप्रपातात मेलेले सातही जण भारवाहकच होते. आश्रमशाळेतली मुलगी एव्हरेस्टवर उभी राहते तेव्हा अन्याय थोडा फिटतो की वाटाड्याचे काम फक्त आणखी दूरच्या, आणखी गरीब माणसाकडे सरकते, हे ठरवणे कठीण आहे. आणि तिला आधीपासून येत असलेली, मधासाठी केलेली चढाई कुठल्याच प्रमाणपत्रात बसत नाही. ती बसवावी का, हेही नक्की नाही. प्रमाणपत्र आले की शुल्क येते आणि शुल्क आले की शहर येते.

चाळीसगावकडून वर येणारे चालक आउट्रमच्या घाटाच्या त्या वळणांना कन्नड घाटच म्हणतात.