नावातला ‘रोड’

वसई रोड या स्थानकाच्या नावातील ‘रोड’ हा शब्द मुळात अंतराची कबुली आहे. लोहमार्ग गावापासून दूर पडला आणि स्थानकापासून गावापर्यंत नुसता रस्ताच जात असला, की स्थानकाच्या नावाला हा शब्द जोडायचा, अशी जुन्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडची ‘बीबीसीआय’, या कंपनीने १८६४ मध्ये गुजरातकडून ग्रँट रोडपर्यंत रूळ आणले, तेव्हा वसईचा किल्ला, बाजार आणि बंदर पश्चिमेला कित्येक किलोमीटर दूर राहिले. हिराडोंगरीच्या आसऱ्याने वसलेले, वाड्या आणि विहिरींचे गिरीजही तसेच दूर राहिले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली, ती जाण्यायेण्याची मिळून दिवसाला एकच खेप करी, त्यामुळे फलाटाला तेव्हा फारसे काम नव्हतेच. इंग्रजी अमदानीतील ‘बॅसीन रोड’चे पुढे ‘वसई रोड’ झाले, तरी रेल्वेच्या दप्तरातील ‘बीएसआर’ हा संकेत जुन्या नावाचाच राहिला असून आरक्षित तिकिटावर तो आजही छापून येतो.

गिरीजच्या वाडीत १९६०च्या दशकात जन्मलेल्या माणसाच्या आयुष्याशी या स्थानकाची वाढ जोडून पाहिली, तर ती बरीच नीट उलगडते. विजेच्या गाड्या विरारपर्यंत १९३६ मध्येच आल्या होत्या, कंपनी जाऊन १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेही आली होती. पण बोरिवलीच्या उत्तरेला मार्ग दोनच होते, आणि लोकल, मेल व मालगाडी या तिघींना त्याच दोन मार्गांवरून जायचे असल्याने मेल पुढे काढण्यासाठी लोकल खोळंबणे हा नित्याचा प्रकार होता. त्या काळातील फलाटाची ओळख गिरीजसारख्या गावाला मुख्यतः एका ठरावीक जागेने होती, ती म्हणजे मालडबा, अर्थात ओझेवाल्यांसाठी राखलेला डबा, जिथे येऊन थांबतो ती जागा. पहाटेच्या गाडीसाठी फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या तिथे ओळीने मांडल्या जात, माल कोमेजू नये म्हणून त्यांवर पाणी शिंपडलेले असे, आणि गाडी गेल्यावर कोरड्या फलाटाचा तेवढाच पट्टा ओला दिसे. मुलाला गाडीची लांबी समजे ती या ओल्या पट्ट्यापासून मोजून.

१९८०च्या दशकात दिव्याकडे जाणारा मार्ग वसईला येऊन मिळाला आणि स्थानकाच्या मांडणीला पहिला खरा फाटा फुटला. मुंबईच्या पोटात न शिरता पश्चिम व मध्य रेल्वेची गाठ घालून देणे हा या मार्गाचा मोठा उपयोग. मालगाड्यांची सोय त्यातून झाली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गुजरातहून केरळकडे जाणाऱ्या गाड्याही या वाटेने धावू लागल्या. उपनगरी थांबा होता तो जंक्शन झाला. रोजच्या प्रवाशाला मात्र याचे फारसे अप्रूप नव्हते, कारण त्याची अडचण जागेची होती. चर्चगेटकडे जाणारी ‘अप’ गाडी वसईला भरूनच येते, म्हणून उलट्या दिशेच्या ‘डाऊन’ गाडीने विरारला जायचे आणि तिथूनच बसून परत यायचे, हा ‘रिटर्न’ मारण्याचा उद्योग एका संपूर्ण पिढीने केला, आणि विरारकरांशी त्यावरून भांडणेही केली. (दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त होते, हे आता निवृत्तीनंतर मान्य व्हायला हरकत नाही.)

२००७ मध्ये बोरिवली ते विरार चार मार्ग पूर्ण झाले, तेव्हा हा माणूस चाळिशीत होता. मेल आणि लोकल यांची एकमेकींत होणारी अडवणूक पुष्कळ कमी झाली. २००९ मध्ये पंधरा डब्यांची गाडी आली. एक डबा वीस मीटरांहून थोडा अधिक लांब असतो, म्हणजे बारा डब्यांच्या गाडीपेक्षा ही गाडी साठ मीटरांहून अधिक लांब, आणि तितक्या लांबीचा फलाट टोकाला जोडणे आले. सरकत्या जिन्यांचे कौतुक अधिक होते, परंतु फलाटाची ही मुकी लांबण त्यांच्यापेक्षा अधिक उपकारक ठरली, असेच म्हणावे लागेल. पुढे २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत पडून एका मुलीने दोन्ही हात गमावल्यानंतर मुंबईच्या उपनगरी मार्गांवर फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला जोर आला. उंचावलेल्या फलाटावर जुने बाकडे जागच्या जागी ठेवले, की त्याचे पाय नव्या लादीत रुततात आणि बसणाऱ्याचे गुडघे छातीशी येतात. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन जाणवते.

दरम्यान स्थानकाच्या दोन्ही अंगांना माणिकपूर आणि नवघर इतके दाट झाले, की ‘रोड’च्या भोवतीच शहर उभे राहिले. गिरीजहून येणाऱ्याला मात्र अंतर कापावेच लागते, पूर्वी टांग्याने आणि एसटीने, आता रिक्षाने. वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही गाडी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून इथल्या मांडणीतील एक जुनी गंमत ठळक झाली आहे. दिव्याचा फाटा वसईला दक्षिणेकडून मिळतो, त्यामुळे मुंबईहून आलेल्या गाडीचे इंजिन इथे सुटते आणि दुसऱ्या टोकाला जोडले जाते. नायगाव ते जुचंद्र असा जोडमार्ग मंजूर आहे, तो झाला की या फेऱ्याची गरज उरणार नाही. तोवर गाडी बराच वेळ उभी राहते, खिडकीशी बसलेले लोक चहा घेतात, आणि मग जिकडून आली तिकडेच तोंड करून ती कोकणात निघते.