खसखशीएवढी अक्षरं

"मॅडम, चष्म्याचा नंबर वाढला असेल. एकदा दाखवून या."

माझाच एक जुना विद्यार्थी फोनवर हे म्हणाला, त्याला दोन वर्षं होत आली. अजून आठवलं की चडफडायला होतं. चष्मा महिन्यापूर्वीच बदलला होता. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मी दिव्याखाली न जाता वाचत होते. वाचता येत नव्हती ती फक्त लॅपटॉपची काळी स्क्रीन.

मी तंत्रनिकेतनात संगणक शिकवायची. मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून लिनक्स बसवायला शिकले, तेव्हापासून घरचं सगळं काम त्यावरच. निवृत्तीनंतर मुलीनं चौदा इंची फोर-के लॅपटॉप घेऊन दिला. डेस्कटॉपवर स्केलिंग दोनशे टक्के केलं की अक्षर सुरेख दिसतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

त्या रात्री बॅकअपचं पार्टिशन मी नव्यानं फॉरमॅट केलं. त्यामुळे त्याचा यूयूआयडी बदलला आणि एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच राहिला. चूक माझी, ती नाकारत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं. डेबियन दीड मिनिट त्या हरवलेल्या पार्टिशनची वाट बघत थांबलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये गेलं. वर डाव्या कोपऱ्यात पांढुरकी रांगोळी सांडल्यासारखं काहीतरी दिसत होतं. ती अक्षरं होती.

हिशेब साधा आहे. स्क्रीन ३८४० बाय २१६० पिक्सेलची आणि कन्सोलचा नेहमीचा फॉन्ट ८ बाय १६ पिक्सेलचा. म्हणजे आडव्या ४८० अक्षरांच्या १३५ ओळी. चौदा इंची स्क्रीनची उंची सतरा सेंटिमीटरच्या आसपास, तेव्हा एका ओळीच्या वाट्याला जेमतेम १.३ मिलीमीटर येतात. त्यातही इंग्रजीतला लहान 'ए' किंवा 'ई' अर्धा-पाऊण मिलीमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान. आमच्या प्रयोगशाळेतल्या चौदा इंची जाड मॉनिटरवर ८० अक्षरांच्या २५ ओळी असायच्या आणि एकेक ओळ सात-आठ मिलीमीटर उंच असायची. मागच्या बाकावरून पोरं वाचायची.

आता या खसखशीत मला यूयूआयडी वाचायचा होता. बत्तीस खुणा, आकडे आणि 'ए' ते 'एफ' ही अक्षरं मिसळलेली. इंग्रजी आठ की 'बी'? सहा की 'बी'? शून्य की 'डी'? शब्द असता तर अंदाजानं लागला असता, इथे अंदाजाला आधारच नाही. नाक स्क्रीनला टेकवून मी एकेक खूण वहीत उतरवली, फाइलमध्ये टाइप केली, मशीन सुरू केलं. पुन्हा दीड मिनिट, पुन्हा तीच रांगोळी. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच. मग मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि त्यावरून ताडून पाहिलं, तर तिसऱ्या गटात 'बी'च्या जागी आठ पडला होता. एवढ्यात रात्रीचे दीड वाजले होते. त्याआधी, साडेअकराच्या सुमाराला, त्या विद्यार्थ्याला फोन केला होता. चष्म्याचं बोलून झाल्यावर तो पुढे म्हणाला, "आणि मॅडम, आजकाल कन्सोल बघतं कोण?"

कोण बघतं? ज्याचं मशीन अडलंय तो बघतो. डेस्कटॉप चालू असेल तेव्हा कन्सोल लागत नाही, सगळं बंद पडतं तेव्हा तेवढाच उरतो. अडचणीच्या वेळचा दरवाजा उंदराच्या बिळाएवढा ठेवायचा आणि आत शिरता आलं नाही तर माणसाला जाड म्हणायचं, हा कुठला न्याय? मला सगळ्यात लागतं ते हे की मशीनला सगळं ठाऊक असतं. स्क्रीन ईडीआयडी नावाच्या माहितीतून आपली लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये संगणकाला कळवते. एकतीस बाय सतरा सेंटिमीटर आणि इतके पिक्सेल, एवढं हातात असताना भागाकार करायला काय लागतं? २०१९ साली आलेल्या कर्नल ५.० पासून टर्मिनसचा १६ बाय ३२ पिक्सेलचा फॉन्ट कर्नलमध्येच घेण्याची सोय आहे. तरी माझ्या वाट्याला जुनाच आला.

उपाय सकाळी केला, दहा मिनिटांत झाला. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप' चालवायचं, टर्मिनस निवडायचा, आकार १६ बाय ३२ घ्यायचा. नंतर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' विसरू नका, नाहीतर डिस्कचा पासफ्रेज विचारणारी ओळ बारीकच राहते. आधीच अडकला असाल तर 'सेटफॉन्ट' कमांड त्या क्षणी फॉन्ट बदलते, फक्त फॉन्टच्या फाइलचं नाव पाठ हवं. माझं नव्हतं. आता कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावली आहे. आणि बॅकअपच्या पार्टिशनसमोर एफएसटॅबमध्ये 'नोफेल' लिहून ठेवा, म्हणजे ते सापडलं नाही तरी मशीन पुढे जातं.

मराठीत नाव दिलेल्या फाइल्स मात्र अजूनही चौकटी होऊन दिसतात. कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ चिन्हं मावतात, आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही. हे दुखणं वेगळं, पण त्या काळ्या स्क्रीनसमोर बसलं की दोन्ही एकदमच दुखतात.

टर्मिनस लागला तेव्हा वाटलं, आता जन्मात ते बारीक अक्षर नको. सहाच महिन्यांनी वायफायचा एक डाँगल लावल्याबरोबर कर्नल पॅनिक झालं. मोठ्या अक्षरात ६७ ओळी मावतात. मजकूर त्याहून लांब होता, मूळ कारण सांगणाऱ्या ओळी वर निघून गेल्या. शिफ्ट आणि पेज-अपनं मागे जाण्याची सोय २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत कर्नलमधून काढून टाकली आहे, आणि गोठलेल्या मशीनपुढे तिचाही उपयोग नव्हता. मशीन पुन्हा सुरू केलं, सेटफॉन्टनं तोच ८ बाय १६ चा फॉन्ट स्वतःच्या हातानं लावला, डाँगल परत खोचला. यावेळी सगळं एका स्क्रीनवर मावलं. मोबाइलनं फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि पहिली ओळ शोधायला लागले.